ॲव्हरेज काय पडतं?

आमचे सासरे साताऱ्याचे. जावयाचा पगार त्यांनी आजवर कधी विचारला नाही. पण नवी गाडी घेतली म्हटल्यावर पेढे मागायच्या आधी प्रश्न आला, "ॲव्हरेज काय पडतं, जावईबापू?"

मी ओहायोत, मेहुणा लंडनच्या हॅरो भागात. आणि योग असा, की दोघांच्या दारात गाडी एकच. त्याच्याकडे तिचं नाव फोर्ड मोंडेओ, माझ्याकडे फोर्ड फ्युजन. नाकीडोळी अगदी सारखी. तिकडे ती 'मोठी गाडी' म्हणून मिरवते, इकडे 'मिडसाइज' म्हणतात. आमच्या गल्लीतल्या पिकअप ट्रकांमध्ये उभी केली तर शोधावी लागते.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मेहुण्याने सांगितलं, "गॅलनला पन्नास मैल." मी म्हणालो, "पंचवीस." उरलेले पंचवीस मी परस्पर विकून खाल्ले असावेत, असा सासऱ्यांचा चेहरा झाला.

आता ब्रिटनचा गॅलन 4.546 लिटरचा आणि अमेरिकेचा 3.785 लिटरचा. त्यात ब्रिटिश माणूस तेल भरतो लिटरने, अंतर मोजतो मैलाने आणि ॲव्हरेज सांगतो गॅलनने, जो त्याच्या पंपावर विकतसुद्धा मिळत नाही! हे सगळं कागदावर मांडून मी मेहुण्याचे पन्नास बेचाळिसाच्या आत आणले. "दाजी, हा रडीचा डाव आहे," तो ओरडला. सासरे म्हणाले, "मला लिटरला किती किलोमीटर ते सांगा." त्याचे साडेसतराच्या वर गेले, माझे साडेदहावर अडकले. विषय मिटला असं मला वाटलं. सासऱ्यांना तो आत्ता कुठे सुरू झाला असं वाटलं.

त्याची गाडी डिझेल, माझी पेट्रोल. लिटरभर डिझेलमध्ये मुळात ऊर्जाच जास्त, शिवाय इंजिनही ती जपून वापरतं. "मग तुम्ही का नाही डिझेल घेतली?" कारण फ्युजन इकडे डिझेलमध्ये आलीच नाही. का आली नाही, तर कोणी मागितलीच नाही. आणि का मागावी? ब्रिटनमध्ये लिटरमागे पन्नास पेन्सच्या वर ड्यूटी, आणि त्या ड्यूटीसकट सगळ्या रकमेवर पुन्हा 20 टक्के व्हॅट. इकडे केंद्राचा कर अख्ख्या गॅलनला 18.4 सेंट, आणि 1993 पासून त्याला कोणी हात लावलेला नाही. राज्यं आपापला कर घेतात, पण तरीही पंपावर माणूस गाणं गुणगुणत तेल भरतो.

कायदाही मोठा मजेशीर. फार तेल पिणाऱ्या गाडीवर दंडाचा कर बसवायचं 1978 साली ठरलं. पण तो फक्त कारला. एसयूव्ही, पिकअप, मिनीव्हॅन या कायद्याने 'लाइट ट्रक', म्हणून त्यांना माफी. ॲव्हरेजचे नियमसुद्धा त्यांना सैलच. आमच्या शेजाऱ्याचा पिकअप याच वर्गातला. शनिवारी तो दुकानातून परत आला की मागच्या हौद्यात एक दुधाचा कॅन इकडून तिकडे गडगडत असतो.

मग सासरे स्वतःच आले. बॅगेत मेतकूट, लोणचं आणि ॲव्हरेजची वही. कंपनीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेकडीवर काढलेलं ॲव्हरेज टेकडीपुरतं खरं, बाकी खंबाटकी चढताना कळतं, असं त्यांचं मत आहे. म्हणून फुल टू फुल, म्हणजे टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची आणि पुन्हा काठोकाठ भरून हिशोब करायचा. पंपाचा खटका पडला की अमेरिकन माणूस नळी काढतो. सासरे गाडीला दोन हलके धक्के देतात, बुडबुडा वर येऊ देतात आणि मग आणखी थेंबथेंब सोडतात. मागे रांग लागली की मी टायर तपासत असल्यासारखं खाली बसतो.

एकदा त्यांनी शेजाऱ्याला गाठलं. "ॲव्हरेज?" तो हसला आणि म्हणाला, कधी बघितलं नाही. सासऱ्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत त्याच्या नावाचं पान उघडलं. आता तो दर आठवड्याला पंपाची पावती आणून देतो, दोघं पायरीवर बसून भागाकार करतात, आणि मला कोणी विचारत नाही. तीन आठवडे मी सुखात काढले.

परवा मेहुण्याचा फोन आला. मोंडेओ काढून टाकली म्हणे. जुनी डिझेल लंडनमध्ये रस्त्यावर आणली की प्रदूषणापायी दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. सासरे सावरून बसले. "युनिटला किती जाते?"

"साडेतीन मैल."

"जावईबापू, तुमच्याकडे हे कसं मोजतात?"

आमच्याकडे 33.7 युनिट वीज म्हणजे एक गॅलन पेट्रोल धरतात, हे मला पाठ आहे. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि कचरा टाकायला गेलो.