निकालाआधीच पद्धत तपासता येते
पद्धत म्हणजे नुसतं हत्यार, शास्त्रीय-अशास्त्रीय ठरतो तो निष्कर्ष, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. आपल्या सोलापूरकडची डाळिंबं घ्या. तेल्या, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग. त्यावरच्या औषधाची चाचणी करताना बागेची एक बाजू फवारली, दुसरी सोडली, तर फरक औषधाचा की वाऱ्याचा हे कधीच कळणार नाही. तेल्याचे जिवाणू वारा-पावसाच्या शिंतोड्यांनीही पसरतात. म्हणून बागेचे 4-5 पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्ट्यात औषध कुठल्या झाडांना, नुसतं पाणी कुठल्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं (संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात 1920च्या दशकात हेच शिकवलं). कडेची झाडं मोजायची नाहीत, फवारा उडतो. डाग मोजणाऱ्याला कुठे काय फवारलंय ते सांगायचं नाही. मोजणीची तारीखही आधीच लिहून ठेवायची, नाहीतर सोयीचा दिवस निवडला जातो.