आमची १८० दिवसांची वही

रविवारी सकाळी आमचा चहा चालू असतो तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडं करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवेलागण झालेली असते. पाऊसपाणी, म्हशीचं दूध, भावकीतलं एखादं भांडण एवढं उरकलं की ठरलेला प्रश्न येतो: "पोराला शाळंत कवा घालणार हाईस?"

पोरगा साडेसात वर्षांचा आहे, धाकटी चार वर्षांची. आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलनटाऊनच्या जवळ राहतो. पोराला शाळेत घातलं होतं आणि अर्ध्या वर्षात काढलं, तेव्हापासून घरीच शिकवते. दोन कारणं होती. एक, तो शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याच्या सरावातून घरी आला आणि म्हणाला, "आम्ही दिवा बंद करून कोपऱ्यात बसलो होतो, आणि मला शिंक आली." शिंक आली म्हणून आपण सगळ्यांना मारवलं असतं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याच शिंकेबद्दल तो आठवडाभर बोलत होता. दुसरं कारण कमी हृदयद्रावक आहे, म्हणून मी ते सहसा सांगत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे मला तेव्हा काम करायची परवानगीच नव्हती. २०१५ पासून काही जणींना ती मिळते, पण ग्रीन कार्डाची फाईल एका टप्प्यापुढे सरकलेली असेल तर. आमची सरकलेली नव्हती. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली बाई घरीच बसलेली, मग पोरांना शिकवायला कोण हा प्रश्न कशाला पडतोय?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी पुण्यातली मामेबहीण. तिचा मुलगा सिनियर केजीत आहे. फी वर्षाला लाखाच्या वर, व्हॅन पावणेआठला, शिवाय घरचा अभ्यास. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, त्यावर घरात एक दिवस आनंद झाला. मग व्हॅनवाल्याने आपलं वेळापत्रक सांगितलं आणि आनंद ओसरला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये सुधारून निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, यांचं काय ते ठरेपर्यंत माझं पोर म्हातारं होईल. तू करतेस तसं आम्हीही करतो. मला तुझं वेळापत्रक पाठव." आमचे मेपलचे, सफरचंदांचे, बर्फातले फोटो ती बघते. फोटोत बाई हसत असते आणि पोरं मातीत असतात.

वेळापत्रक असं काही नाही, एक वही आहे. पेनसिल्व्हेनियात घरी शिकवणं म्हणजे पोरं मोकाट सोडणं नव्हे. १९८८ पासून त्याचा कायदा आहे. एक ऑगस्टच्या आत शाळेच्या जिल्हा कार्यालयाला प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षाचे १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास भरवायचे, काय वाचलं त्याची नोंद ठेवायची, मुलाच्या कामाचे नमुने जपायचे. वर्षअखेर पात्र परीक्षकाने मुलाशी बोलून, फाईल चाळून पत्र दिलं की ते ३० जूनच्या आत कार्यालयात. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं तर साधं कळवावंही लागत नाही. आमच्याकडे मात्र विषयांची यादी आहे, आणि त्या यादीत एक ओळ अशी की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले: आगीचे धोके आणि आग कशी टाळावी याचं नियमित आणि सतत शिक्षण. नियमित आणि सतत! गणित कसं शिकवा यावर कायद्याचा एवढा आग्रह नाही. माझ्या वहीत या विषयाखाली नोंदी आहेत त्या अशा: "निरांजन, ओढणी लांब ठेवणे." "फोडणी पेटली, झाकण टाकले." दुसरी नोंद आधी ठरवून केलेली नव्हती.

पहिल्या वर्षीच्या परीक्षक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी दिवाळीच्या किल्ल्याचा फोटो बघून पोराला विचारलं, हे काय? नोव्हेंबरात इथली माती गारठून जाते, म्हणून आम्ही किल्ला गॅरेजमध्ये, कुंड्यांसाठी आणलेल्या मातीचा केला होता. पोराने त्यांना बुरूज, तटबंदी, चोरवाट सगळं समजावलं आणि शेवटी सांगितलं की मावळे आजीने कोल्हापूरहून बॅगेतून पाठवले, त्यातल्या एकाचा भाला विमानात मोडला. बाईंनी ते लिहून घेतलं. भूगोल, इतिहास, कला, तिन्ही खाती त्या एका किल्ल्याने भरली.

आमचं वर्ष ऋतूंवर चालतं हे खरं. सप्टेंबरच्या मध्याला हॉक माउंटनवर जातो. १९३४ पर्यंत तिथं लोक डोंगरावर उभे राहून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी बंदुकीने पाडायचे. रोझली एज नावाच्या बाईने तो डोंगरच भाड्याने घेतला आणि शिकार बंद पाडली. आता तिथं पक्षी मोजतात. वर गरम हवेत शेकडो शिकारी पक्षी गोल गोल फिरत चढतात असं पुस्तकात असतं. आम्ही गेलो तेव्हा तीन तासांत अकरा दिसले, तेही दुर्बिणीतून ठिपक्याएवढे. धाकटीने खडकावर बसून थालीपीठ संपवलं आणि उरलेला वेळ मुंग्या पाहिल्या. त्याच दिवसांत ठिपकेवाले लँटर्नफ्लाय सगळीकडे असतात. ही आशियातून आलेली कीड अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती इथूनच जवळ, बर्क्स काउंटीत, २०१४ मध्ये. द्राक्षवेलींचा रस शोषते म्हणून दिसली की चिरडा असं राज्य सरकारनेच सांगितलंय. माझी पोरं मुंगीवर पाय पडला तर "सॉरी" म्हणतात आणि लँटर्नफ्लायवर उडी मारतात. यातली विसंगती पोराने मला विचारली आहे. मी ती बापाकडे पाठवली.

पण खरा सण फेब्रुवारीअखेरीचा. रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं असे दोन-तीन आठवडे येतात, तेव्हा मेपलच्या झाडात रस चढतो. खोडाला लहान भोक पाडून त्यात नळी ठोकायची, खाली बादली टांगायची. एका उद्यानात दरवर्षी हे दाखवतात. गेल्या वर्षी पोराने थेट नळीखाली बोट धरून चाटलं आणि जाहीर केलं, "हे तर पाणी आहे." खरंच पाणी असतं, शंभरात दोन भाग साखर. चाळीस लिटर आटवला की एक लिटर पाक. लाकडाच्या जाळावर लांबट पसरट भांड्यात रस उकळत होता, छपरातून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत शिरल्यावर मी एकदम थांबले. तो वास मला माहीत होता.

आमच्या मळ्याशेजारी गुऱ्हाळ होतं. दिवाळीनंतर सुरू व्हायचं ते मार्चपर्यंत. चुलवाणात चिपाडं सारत बसलेला माणूस, वर काहील, काहिलीत रस. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी वर यायची, ती काढून टाकायची. गुळव्या उकळत्या पाकातला थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायचा, आणि त्याने मान हलवली की सगळे काहिलीला भिडायचे. आम्ही पोरं शाळा सुटली की दप्तरासकट तिथं. उसाच्या कांडक्याला गरम काकवी लावून खाताना कितीतरी वेळा तोंड पोळलंय. आग कशी टाळावी याचं नियमित आणि सतत शिक्षण! गुळव्याला लिहिता येत नव्हतं, पण पाक कुठल्या क्षणी उतरवायचा हे त्याच्या बोटांना कळायचं. मला हे कुणी शैक्षणिक सहल म्हणून दाखवलं नाही. ते रस्त्यात होतं.

मामेबहिणीला मला सांगायचं आहे ते इथं सुरू होतं. ती ज्याला होमस्कूलिंग म्हणतेय ते मी इथं चाळीस मैल गाडी चालवून, हवामान बघून, डबे भरून घडवून आणते. हे जमतं, कारण आजूबाजूला पुष्कळ काही सार्वजनिक आहे. या राज्यात १२० पेक्षा जास्त राज्य उद्यानं आहेत आणि एकालाही प्रवेशशुल्क नाही. गावाच्या ग्रंथालयातून एका वेळी पिशवीभर पुस्तकं मिळतात. २००५ च्या कायद्याने घरी शिकणारं मूल आपल्या भागातल्या सरकारी शाळेच्या संघातून खेळू शकतं. म्हणजे शाळेबाहेर पडलो तरी शाळेनं आम्हाला पुरतं सोडलेलं नाही. वर एक पगार घरी बसतो तो वेगळाच, आणि तो बहुतेक घरांत आईचा असतो. आमच्या घरी शिकवणाऱ्यांच्या गटात सतरा कुटुंबं आहेत. त्यात दिवसभर पोरांबरोबर असणारा बाप एक. पुण्यात माझी बहीण बँकेत नोकरी करते. तिची नोकरी सुटली तर ती परत मिळवताना काय होतं, ते मला विचारा.

भारतात कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला, त्यात घरी शिकवण्याचा शब्दच नाही. परवानगीही नाही, बंदीही नाही. पुढे मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. तेव्हा करता येईल, करणारे करतातही, आणि त्यांतल्या काहींच्या घरची पोरं फार छान वाढलेली मी पाहिली आहेत. पण ज्याचं त्याने आपापल्या घरी करावं हा उपाय मला आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या जुन्या सवयीसारखा वाटतो. आपण आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालो, मग मराठी माध्यमातून निघालो, आता शाळेतूनच निघायचं म्हणतोय. दर वेळी मागे राहिलेल्या शाळेत भांडणारे पालक कमी झाले. २०२४ मध्ये खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांना राज्य सरकारने नियम बदलून कात्री लावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्यासाठी कोर्टात गेले ते शाळेत राहू पाहणारेच. घरी बसून आपल्या पोराला मेपल दाखवणारी मी त्यात नव्हते.

आणि पोरं उघड्यावर शिकतात हे कळायला आपल्याला अमेरिकेच्या जंगलशाळा कशाला हव्यात? ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात, तर अनुताई वाघांसोबत त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली: गुरं चरताहेत तिथं जायचं आणि तिथंच शिकवायचं. आज नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला वर्षात दहा दिवस दप्तराशिवाय शाळा असं लिहिलंय आणि आपण त्याला मोठी सुधारणा म्हणतो. दहा दिवस!

मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावी होतो. जून सरता सरता मी पोराला गावातल्या शाळेत नेऊन बसवलं, नाव न घालता, बाईंना विचारून. पहिल्या दिवशी त्याला परिपाठ कळेना, रांगेत हात कुठं ठेवायचा कळेना. तिसऱ्या दिवशी तो माझ्याआधी उठला. आषाढी रविवारी होती म्हणून शाळेची दिंडी शनिवारी, ५ जुलैला निघाली. डोक्यावर टोपी, गळ्यात टाळ, पायात चप्पल नाही, पाऊस भुरभुरतोय. शेजारचा विठ्ठल झालेला मुलगा कमरेवरचे हात काढून सारखं नाक पुसत होता, आणि माझा पोरगा त्याला दर वेळी "हात, हात" म्हणून आठवण करून देत होता. घरी शिकून त्याला वाचता आलं, गुणाकार आले, शिकारी पक्ष्याची शेपटी ओळखता येते. पण दुसऱ्याच्या पोराला "हात" म्हणून सांगायची जागा माझ्या स्वयंपाकघरात नाही. इथंही महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा त्याला आवडते ती मराठीसाठी नव्हे; तिथं बाकावर कुणीतरी शेजारी असतं म्हणून. धाकटीला अजून मीच पुरते, तिचं वेगळं आहे.

इथलं शैक्षणिक वर्ष एक जुलैला सुरू होतं. त्यामुळे यंदाच्या वहीत पहिली नोंद आहे: "दिवस १. दिंडी. शारीरिक शिक्षण, संगीत." हे मी बहिणीला पाठवलं आणि खाली लिहिलं, नोकरी सोडू नकोस. तुझ्या शाळेच्या पालकसभेत जा आणि विचार की शनिवारी पोरं बाहेर का जात नाहीत. फेब्रुवारी संपायच्या आत एक दिवस रजा टाकून त्याला आमच्या गावी घेऊन जा. गुऱ्हाळं कमी झालीत, पण ओढ्यापलीकडचं एक अजून चालू आहे. काकवी गार होऊ दे, मग दे.

तिचं उत्तर आलं: "ते ठीक आहे ताई, पण तू तुझ्या पोराला शाळेत कधी घालतेस?" आता त्या दोघीही रविवारी एकाच कॉलवर असतात.