चांगला पिक्चर सांग, पण…

आमच्या नात्यागोत्यात मला सिनेमातलं कळतं, अशी एक अफवा आहे. ती कोणी उठवली देव जाणे, पण शनिवारी दिवेलागणीला तिची फळं मला भोगावी लागतात. पहिला फोन आत्याचा. "बघण्यासारखा एखादा सांग रे. रडका नको, मारामारी नको, खालची अक्षरं वाचायला लावणारा नको, सूनबाईसमोर बघता आला पाहिजे आणि दहाच्या आत संपला पाहिजे." एवढ्या अटींत बसणारं मला एकच आठवतं: पूर्वी टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी लागायचे ते फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट.

'श्वास' बाद, कारण त्यात नातवाचे डोळे जातात. 'फँड्री' बाद, कारण शेवटी पोराने भिरकावलेला तो दगड. मग मी 'वळू' काढला. गावात मोकाट सुटलेला डुरक्या नावाचा बैल आणि त्याला पकडायला आलेला फॉरेस्टचा साहेब. यात नको म्हणण्यासारखं काय असणार? "शेवटी बैलाला काही होत नाही ना?" आत्याने विचारलं. शेवट वदवून घेतल्यावरच तिने टीव्ही लावला आणि रात्री कळवलं, "काय होणार ते आधीच ठाऊक होतं. मजा नाही आली."

काकांना कोर्टातलं काहीतरी जबरदस्त हवं होतं. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' सांगितला. २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच. एका लोकशाहिराचं गाणं ऐकून सफाई कामगाराने जीव दिला, असा खटला. काकांना टेबलावर मूठ आपटणारा वकील अपेक्षित होता. इथे सरकारी वकीलबाई कलमं वाचतात ती वाण्याची यादी वाचावी तशी. मला विचाराल तर सिनेमाची सगळी ताकद त्या कोरड्या सुरातच आहे. पण काका स्वतः बांधाच्या दाव्यात वर्षानुवर्षं तारखा घेतायत. "हे मी तालुक्याला जाऊन वकिलाची फी भरून बघतो," म्हणाले. त्यात शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो, तेव्हा काकांनी उठून इन्व्हर्टर तपासला आणि झोपायला गेले. त्यापुढेही सिनेमा आहे, हे त्यांना अजून माहीत नाही.

दाजींना भीतीचा हवा होता. 'तुंबाड' (२०१८) मी डोळे झाकून सांगतो: असा पाऊस आणि असा वाडा आपल्याकडे क्वचितच कोणी दाखवला असेल. दाजी खूश. पण सोफ्यामागून भाच्यानेही बघितला, आणि त्यात हस्तर नावाच्या राक्षसाला भुलवायला कणकेच्या बाहुल्या नेतात. आता परातीत कणीक भिजवलेली दिसली की पोरगं किंचाळत गॅलरीत पळतं. ताईचा फोन आला, "उद्यापासून पोळ्या लाटायला तू ये."

माझी एकमताने पसंत पडलेली शिफारस एकच, 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ चा, सगळ्यांना तोंडपाठ. "याला म्हणतात निवड!" आत्या म्हणाली. लोकांना नवा चांगला सिनेमा नकोच असतो. आवडेल याची खात्री असलेला जुना कोणीतरी पुन्हा सुचवावा, एवढंच हवं असतं.

अपवाद शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांचा. त्यांना मी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' दिला. १९५७ चा, जेमतेम दीड तासाचा, जवळपास सगळा एकाच खोलीत. खुनाच्या खटल्यात निकाल द्यायला बसवलेले बारा ज्यूरी, बाहेर उकाडा, पंखा बंद. अकराजण आरोपी पोराला दोषी ठरवून मोकळे व्हायला बसलेत आणि एकटा म्हणतो, थांबा, आधी बोलूया. काकांचं समाधान झालं नसेल, पण यांचं इतकं झालं की त्यांनी तो अंगात भिनवून घेतला. परवाच्या सोसायटीच्या सभेत पाण्याची टाकी धुण्याचा ठराव आला. सगळ्यांचे हात वर, हे एकटे हाताची घडी घालून. "मी विरोधात आहे असं नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण आपण आधी बोलूया." टाकी अजून तशीच आहे.

सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "तो पिक्चर तुम्हीच दिलात ना त्यांना? आता दुसरा एखादा द्या. ज्यात सगळे पहिल्याच फटक्यात हो म्हणतात."