स्कुबात घाबरलात तर श्वास रोखू नका

सुट्ट्या लागल्या की तारकर्ली-मालवणला स्कुबासाठी, म्हणजे सिलिंडरची हवा घेत पाण्याखाली फिरायला, निघालेल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात चार सल्ले असतात: पाण्याखाली भीती वाटली तर श्वास रोखून झटकन वर या, दम लागला म्हणजे सिलिंडर संपत आला, मास्कमध्ये पाणी शिरलं की खेळ खल्लास, आणि सगळं ठीक असेल तर अंगठा दाखवा. चारही चूक, आणि पहिला तर जिवावर बेतणारा.

१० मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे सिलिंडरची हवा छातीभर घेतली आणि श्वास रोखून वर निघालात, तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुसं तेवढी ताणली जात नाहीत, फाटतात. मग बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. "आम्ही कुठे एवढं खोल जातो?" असं म्हणू नका. छाती गच्च भरलेली असेल तर दीड-दोन मीटरही पुरतात. विहिरीत सूर मारणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याने हवा वरूनच नेलेली असते, ती वर येताना मूळ मापापेक्षा जास्त फुगत नाही. स्कुबात श्वास चालूच ठेवायचा, आणि वर यायचं ते सावकाश, ट्रेनरसोबत.

आता दम लागण्याचं. घाबरलेला माणूस वरवर, भराभर धापा टाकतो. आतली हवा नीट बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि भरल्या सिलिंडरवरही जीव गुदमरतो. अशा वेळी काहीजण रेग्युलेटरच, म्हणजे ज्यातून सिलिंडरची हवा मिळते तो तोंडातला भागच, उपटून काढतात! हातपाय मारणं थांबवा आणि लांब, सावकाश श्वास सोडा. आत घेणं आपोआप जमतं. हवा किती उरली ते प्रेशर गेजवर दिसतं, छातीला कळत नाही.

मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड कपाळाशी दाबा, नजर थोडी वर करा आणि नाकाने फुंका. पाणी खालून निघून जातं. हे आधी कंबरभर पाण्यात करून बघा. ट्रेनर घाईत असला तरी हट्ट धरा. 'मन खंबीर ठेवा' या उपदेशापेक्षा याचा उपयोग जास्त.

राहिला अंगठा. पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. ठीक असाल तर अंगठा-तर्जनी जुळवून गोल करा. काही बिघडलं असेल तर पंजा आडवा धरून हलवा आणि बिघाडाकडे बोट दाखवा. मजेत असलेल्या पाहुण्याने अंगठा दाखवला, की ट्रेनर बिचारा त्याला वर आणतो आणि हा बोटीवर "एवढ्यातच?" म्हणून पैशांवरून भांडतो.