घरच्या संगणकाला दृष्ट लागू नये म्हणून

दसऱ्याला ट्रॅक्टर, विळे आणि फवारणीचा पंप यांच्या रांगेत आपण संगणकही मांडला असेल, मॉनिटरला झेंडूची माळ घातली असेल आणि कीबोर्डावर चिमूटभर हळद-कुंकू वाहिले असेल, तर व्हायरसपासून संरक्षणाचे निम्मे काम उरकले असे खुशाल समजावे. उरलेल्या निम्म्यासाठी अँटीव्हायरस लागतो. विंडोज ८ पासून डिफेंडर नावाचा राखणदार विंडोजबरोबरच येतो आणि घरगुती वापराला तो सहसा पुरतोही. पण न मागता, फुकटात मिळालेल्या वस्तूवर भरवसा ठेवणे आपल्याला शोभत नाही. त्याऐवजी तालुक्याच्या बसस्टँडवरून कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून ‘क्रॅक’ केलेला अँटीव्हायरस आणावा. तो बसवताना ‘आधीचा अँटीव्हायरस बंद करा’ अशी नम्र सूचना येते. रात्री दार वाजवणाऱ्याने आधी कुत्रा बांधायला सांगावे, तितकी ती सरळ असते. आपण आतिथ्यशील माणसे, कुत्रा बांधावा.

एकाने मन भरत नसेल तर दोन बसवावेत. दोघेही उघडणारी प्रत्येक फाइल एकाच वेळी हुंगू लागले, की थोड्याच दिवसांत धुऱ्यावरून भांडणाऱ्या भावांप्रमाणे एकमेकांवरच संशय घेऊ लागतात, आणि एक्सेल उघडेपर्यंत चहा मांडून, गाळून, पिऊन होतो. या काळात व्हायरसचे काम मंदावते की नाही, हे सांगता येत नाही; आपले मात्र नक्की मंदावते.

अपडेट कधीही करू नये. वीज असते तेव्हा आपण मोटर सुरू करायला वावरात असतो, आणि ती नसते तेव्हा प्रश्नच मिटतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी एक दुरुस्ती दिली होती. ती ज्यांनी लावली, त्यांना त्याच वर्षी १२ मे रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामचा लाल पडदा आपल्या संगणकावर पाहायला मिळालाच नाही. बाकीच्यांना फायलींना कुलूप लागलेले आणि खंडणी बिटकॉइनमध्ये मागितलेली पाहता आली. असे प्रसंग हुकू नयेत म्हणून विंडोज ७ च वापरावे. घरगुती वापरासाठी त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० नंतर बंदच झाल्या, त्यामुळे नकार देण्याचीही दगदग उरत नाही.

आता बॅकअप. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सी ड्राइव्हमधले सगळे डी ड्राइव्हमध्ये टाकणे. दोन्ही एकाच हार्डडिस्कचे कप्पे असतात, हे खरे. पण कोठीत मधोमध फळी घालून अर्धी तूर इकडे आणि अर्धी तिकडे ठेवली, की कोठी जळाली तरी अर्धी वाचते, असे मानण्यात जो दिलासा आहे तो दुसऱ्या कशात नाही. मी स्वतः हा दिलासा चार वर्षे घेतला. मग मृगाच्या पहिल्याच पावसात घराजवळ वीज पडली, सीपीयूमागून करपट वासाची एक बारीक रेघ निघाली आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो सीमधून आणि डीमधून एकाच क्षणी गेले. वायर भिंतीतच होती. ती उपटण्याएवढे ढग सकाळपासून दिसत होते. मावसभावाला व्हॉट्सॲपवर पाठवलेले अकरा फोटो तेवढे उरले. त्यांत मोठे करून पाहिले तर आजीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात.

शहाणे लोक तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा हिशेब सांगतात. बियाण्याच्या बाबतीत आपणही तेच करतो, थोडे घरी आणि थोडे सासुरवाडीला. पण सातबाऱ्याचे स्कॅन आणि पोरांच्या मार्कशीटा म्हणजे काही बियाणे नव्हे. बाहेरची हार्डडिस्क घेतलीच, तर ती कायम संगणकाला जोडून ठेवावी. खंडणीखोर प्रोग्रामला मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच फेरीत सापडते, आणि त्याचे हेलपाटे वाचतात.

शेवटची काळजी म्हणजे, घेतलेला बॅकअप उघडून पाहू नये. घरचे सोयाबीन पेरण्याआधी आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, कोंब मोजतो आणि ७० उगवले तरच पुढचा विचार करतो. बॅकअपचे दाणे असे मोजले, तर किती फुटतील ही धाकधूक उगाच मागे लागते. वीज पडल्यानंतर घेतलेली माझी डिस्क आईच्या लुगड्यांखाली, लोखंडी कपाटात, जुन्या मोज्यात गुंडाळलेली आहे. गेल्या पोळ्याच्या सुट्टीत ती जोडून पाहायचे ठरवले होते, पण तिची केबल सापडली नाही.