विल म्हणजे ईल, फी आधी भरा

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचा क्लास काढताय? सोलापुरात नवी पेठेत खोली बघा, दारावर मोठा बोर्ड ठोका आणि एकाच पानाची झेरॉक्स वाटा: 'विल म्हणजे ईन, ईल, तील. पाठ करा.' परवा असलं एक पान हाती पडलं, म्हणून हे फुकटचं मार्गदर्शन.

इंग्रजीतलं 'शाल' (shall) शिकवूच नका. चादरीच्या गावात ती पांघरायचीच असते. करारातलं 'शाल डिलिव्हर' म्हणजे बंधन, हे टॉवेलवाल्याला दंड भरताना कळेलच.

'वोंट' (won't) आणि 'वाँट' (want) एकाच सुरात घोकून घ्या. मुलाखतीत 'आय वोंट टू जॉइन' म्हणालं पोरगं, की साहेब नकार समजायला मोकळे.

'विल'पुढे 'कॅन' बसवा, 'टू' बसवा, 'कम्स'ही बसवा. शेअर रिक्षात बसतातच की.

आता मुख्य धडा. 'ईल' दिसेल तिथं 'विल' ठोका. 'तो येईल तेव्हा मी जाईन' म्हणजे 'व्हेन ही विल कम, आय विल गो'. झालं! इंग्रजीत वेळ किंवा अट सांगणाऱ्या इफ, व्हेन, अनटिलच्या तुकड्यात भविष्यासाठीही सहसा साधा वर्तमानकाळ लागतो, 'विल' मुख्य वाक्यात येतं, ही भानगड सांगायची कशाला? मराठीत आपण 'तो आला की जाईन' म्हणतो, चक्क भूतकाळ वापरतो, तेही आठवून देऊ नका. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी बोलणाऱ्या पोराला हे दोन मिनिटांत कळेल, मग महिनाभर शिकवणार काय? आणि हेही सांगू नका: बेल वाजली आणि उठता उठता 'मी बघतो' म्हणालात, तर 'आय विल गेट इट'. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढून ठेवलंय, तर 'आय ॲम गोइंग टू पुणे टुमारो'. पहिला बेत तिथल्या तिथे ठरला, दुसरा आधीच पक्का होता. 'विल'चा मूळ अर्थच इच्छा. मृत्युपत्राला विल म्हणतात तेही त्याच नात्यानं. तुमच्या 'ईल'मध्ये हे कुठं मावतं हो?

बास झालं मार्गदर्शन. विड्या वळून आईनं साठवलेली फी आगाऊ मोजून घेता, पावती देत नाही, आणि व्याकरणाचं एक पुस्तक उघडायचा कंटाळा येतो? पोरं चुकीचं घोकून बाहेर पडतात, मुलाखतीत गप्प बसतात, वर दोष त्यांच्याच मराठी शाळेला. लाज वाटू द्या जरा. ते पान फाडा आणि उद्या फळ्यावर आधी 'व्हेन ही कम्स' लिहा.