रविवारची बॅच आणि माझं तोंड

वय 52. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेतो. गेल्या जूनपासून गंगापूर रोडला मोठ्यांच्या रविवारच्या बॅचमध्ये कथक शिकतोय. अकरा जणी आणि मी. (हसून घ्या. बायकोनेही घेतलं.)

एवढ्या महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. मोठेपणी नाच शिकायला गेलं की गुडघे आडवे येतात त्याच्या दुप्पट तोंड आडवं येतं.

दुसऱ्याच रविवारची गोष्ट. तत्कार (म्हणजे पायांचं मूळ काम) चालू होता, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. शेजारच्या मॅडमचा डावा पाय लागोपाठ दोनदा पडताना दिसला आणि माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. "मॅडम, तुमचा डावा दोनदा पडतोय." त्या बिचाऱ्या गडबडल्या, थांबल्या, मागची रांगही थांबली. आणि खरी गंमत पुढे. आम्हाला शिकवलेल्या तत्कारात 'तत्'ला डावा पडतो आणि 'आ'लाही डावाच. मॅडम बरोबर होत्या! मीच आठवडाभर घरी चुकीचं घोटून आलो होतो. शिकवणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, "काका, आपापले पाय बघूया." ताई माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असतील. कंपनीत मला असं कोणी बोललं असतं तर मेल गेला असता.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की शेजाऱ्याला शिकवायचं नाही. आपण बरोबर असलो तरी नाही. ताईंना चूक दिसलेली असते. कधी कधी त्या मुद्दाम बोलत नाहीत, आधी पाय बसू देतात, हाताकडे नंतर वळतात. मधेच आपण 'तुमचा हात खाली आलाय' म्हटलं की पायही जातात आणि हातही.

दुसरा आजार रडगाण्याचा. "अय्या, मला नाहीच जमणार", "या वयात कसलं चक्कर", "सॉरी ताई, कालपासून कंबर..." यात नम्रता कमी आणि 'माझ्याकडे बघा' जास्त असतं. खरंच कंबर दुखत असेल तर क्लास सुरू होण्याआधी बाजूला जाऊन सांगावं. ताई त्या दिवशी चक्कर, म्हणजे गिरक्या, देत नाहीत, विषय संपला.

आता घुंगरू. आम्हा नवशिक्यांच्या एकेका पायात 50. बारा जणांचे मिळून 1200 होतात. ताई हातावर ताल धरून पढंत करतात, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणतात. तीनतालाच्या 16 मात्रा, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी नाही. अशा वेळी एकाने जरी सवयीने पाय हलवला तरी छन्न होतं आणि नेमका तो बोल कानातून निसटतो. मग "ताई, परत सांगा ना." परत सांगताना दुसऱ्याचा पाय. म्हणून बोल ऐकताना खांबासारखं उभं राहायचं. हे मला तत्कारापेक्षा अवघड गेलं.

आणि तुकड्यात (छोट्या बांधीव रचनेत) मधेच हरवलात तर जीभ चावत, कपाळाला हात मारत थांबू नका. मागची बाई तुमच्याकडे बघून करत असते, तीही बुडते. जागेवर उभं राहून हाताने ताल धरा, समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघा आणि समेवर पुन्हा शिरा. आपल्यासाठी लय थांबणार नाही, पण सम दर सोळा मात्रांनी येतेच.

"फी भरतो, मग विचारायचंही नाही का?" असं एकीने विचारलं होतं. विचारा की! शेवटच्या पाच मिनिटांत, आणि स्वतःच्या पायांबद्दल.

व्हिडिओ तर न विचारता काढूच नका. आमच्यातल्या एकीने घरी सांगितलंय की ती योगाला जाते. तुमच्या स्टेटसमुळे तिच्या सासूबाईंना कथक कळायला नको.

मिसळ क्लासनंतर. चक्करांच्या आधी तर्री पोटात असणं काय असतं, हे एकदाच अनुभवलंय. पुढचं लिहीत नाही.

घाई हाही मोठ्यांचाच रोग. महिन्याभरात मी विचारलं होतं, "ताई, गांधर्वच्या परीक्षेला कधी बसायचं?" त्या हसल्या. फॉर्मच्या निमित्ताने घरी शोधत बसलो तेव्हा कळलं की 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे आपल्या नाशकातच येऊन राहिले होते. इतकी वर्षं पंचवटीतून येतोय-जातोय, पत्ता नाही!

प्रारंभिक ही पहिली परीक्षा झालेली दहा वर्षांची एक चिमुरडी आधीच्या बॅचनंतर थांबून आम्हाला हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, दाखवते. परवा माझं कोपर खाली आलं, तर तिने काही न बोलता स्वतःचं कोपर जरा जास्तच वर उचलून दाखवलं. मी माझं उचललं.

घुंगरू अजून 50 च आहेत. 100 कधी, हे विचारायचं जिभेवर येतं दर रविवारी. आठ आठवडे गिळलंय.